सीतादहीचा कापूस आणि साहेबाचं ‘फेअर’

‘फेअर’ हा शब्द अमरावतीत आला तो शाळेतून नाही आणि कचेरीतूनही नाही. तो कापसाच्या बाजारात आला. त्याआधी आमच्याकडे कापूस दोन जातींचा. बनी, म्हणजे लांब तंतूचा, मऊ, हाताला गार लागणारा. आणि जरी, आखूड, राठ, पण लवकर येणारी आणि भरघोस येणारी. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतलं जे बोंड फुटेल ते सोन्यासारखं विकलं जाऊ लागलं. मग लोकांनी बनी सोडून जरी पेरली. मी अडत करत होतो. डोळे मिटूनही मला दोन्हींतला फरक कळायचा, कारण त्याआधी किती तरी वर्षं मी गंगेकाठच्या मिर्झापूरला जाणाऱ्या बैलांवर याच कापसाची ओझी लादली होती. माझ्या बापाने मला शेत दिलं नव्हतं, पेढी दिली नव्हती. जे कळत होतं ते खांद्याने कळलेलं होतं.

मुंबईच्या पेढ्यांचे साहेब आले तेव्हा त्यांनी बनी आणि जरी हे शब्द बाजूलाच ठेवले. एक चिमूट ओढायची, दोन अंगठ्यांत धरून ताणायची, तुटली की उजेडाकडे धरायची आणि म्हणायचं, फेअर. कधी गुड फेअर. क्वचित फाईन. पहिल्यांदा माझ्या मालाला फेअर म्हटलं तेव्हा मी साहेबाच्या दुभाष्याला अर्थ विचारला. हे गृहस्थ पुण्याकडचे, ब्राह्मण, बोलण्यात स्वच्छ आणि स्वभावाने कोरडे. आम्ही त्यांना पंत म्हणायचो.

“ठीक,” पंत म्हणाले. “वाईट नाही, इतपत.”

मला राग आला. आठ दिवस गावोगाव हिंडून, घासाघीस करून आणलेला माल, आणि वाईट नाही इतपत. पंतांनी समजूत घातली की सगळ्या वऱ्हाडाचा कापूस विलायतेत याच शब्दाने ओळखला जातो, त्यात अपमान नाही. पुढे हाच शब्द मी त्यांच्याच तोंडून वेगळ्या कामासाठी ऐकला. कोणाचा तरी अर्ज ते खाडाखोड करत लिहीत होते, आणि म्हणाले, आता हा फेअर करतो. मी विचारलं, अर्ज पण वाईट नाही इतपत करणार का. ते हसले नाहीत. म्हणाले, इथे फेअर म्हणजे स्वच्छ, दुसऱ्यांदा लिहिलेलं. मी तो अर्थ लक्षात ठेवला. ज्या शब्दावर आपला भाव ठरतो तो शब्द कुठे कुठे जातो, कोणाकोणाच्या घरी उतरतो, हे धंद्याच्या माणसाला माहीत हवं, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

त्या वर्षी आगगाडी अकोल्यापर्यंत आली होती. एका मुंबईच्या पेढीने अकोल्याला स्टेशनाजवळ मोठं आवार घेतलं, कापसाच्या गठाणी दाबायचं यंत्र बसवलं, आणि तिथल्या साहेबाने निरोप धाडला की अमरावतीच्या बाजारात पेढीसाठी खरेदी करायला त्याला एक माणूस हवा आहे. एकच. ज्याचा नमुना आणि माल दोन्ही पसंत पडतील, त्याला. आधी नमुना पाहायचा, मग गाड्या मागवायच्या, मग ठरवायचं. हे मिळालं असतं तर मी अडत्यांच्या ओळीतून उठून गादीवर बसलो असतो. माझ्या डोक्यात त्या दिवसांत दुसरं काहीही नव्हतं.

माझी मोठी बहीण मोर्शीकडे दिलेली. घरधनी गेल्यावर शेत तीच बघायची, आणि माझ्या मालातला निम्मा तिच्याच गावचा होता. वेचणी सुरू झाली की ती दोन दिवस अमरावतीला माझ्याकडे यायची. त्या वर्षीही आली. मी ढिगाच्या पोटातून, सगळ्यांच्या समोर, हात खोल घालून नमुना काढला आणि धोतराच्या पांढऱ्या फडक्यात बांधला. वरचा चांगला कापूस दाखवून खालचा विकायचा, हा लबाडांचा धंदा तेव्हा जोरात होता. सरकी, ओल, माती, काय काय घालत होते लोक. मी ते कधी केलं नाही. साधुपणा म्हणून नाही. लबाडीचा भाव एकदाच मिळतो, हे मला ठाऊक होतं म्हणून. गाठोडं देवाजवळ ठेवलं आणि सकाळी ते घेऊन बैलांच्या दमणीत बसलो.

अकोल्याच्या साहेबाकडेही दुभाषे पंतच होते; त्यांनी मला व्हरांड्यात बसवलं. आत फक्त गाठोडं गेलं. मी पंतांना म्हटलं, नमुना उघडताना मी समोर असतो, आमच्याकडे तशी रीत आहे. पंत आत जाऊन आले आणि म्हणाले, साहेबांची रीत निराळी आहे. व्हरांड्याच्या भिंतीवर एक काच लावलेली गोल तबकडी होती, काटा असलेली. मी घड्याळ समजलो, पण काटा हलत नव्हता. बसल्या बसल्या पंतांना विचारलं. ते म्हणाले, हे हवा सांगतं. काटा आता आहे तिथे लिहिलं आहे, फेअर. म्हणजे आभाळ निरभ्र, पाऊस नाही. मार्गशीर्षात वऱ्हाडात पाऊस नाही हे सांगायला यंत्र कशाला लागतं, असं मी म्हटलं. तेवढ्यात आतून बोलावणं आलं. साहेबाच्या टेबलावर माझा कापूस निळ्या कागदात गुंडाळलेला होता, वर काही लिहिलं होतं. साहेब खूष होता. फाईनच्या अगदी जवळ, पंत म्हणाले, गुड फेअरच्या पुष्कळ वर. गाड्या आणा.

मला त्या क्षणीच शंका यायला हवी होती, असं नंतर बाजारात लोक म्हणाले. का यावी? आपल्या मालाची कोणी तारीफ केली तर कोणता व्यापारी म्हणतो, पुन्हा पाहा?

गाड्या गेल्या. साहेबाने प्रत्येक गाडीतून स्वतः चिमटी काढली आणि दर वेळी एकच शब्द म्हणाला, फेअर. शेवटच्या गाडीनंतर तो आत गेला, निळा कागद घेऊन आला आणि गाडीतला कापूस त्याच्या शेजारी ठेवला. फरक आंधळ्यालाही दिसला असता. निळ्या कागदातला तंतू बोटभर लांब, रेशमासारखा. मी तो चिमटीत धरून पाहिला. तो कापूस मी बांधलेला नव्हता.

साहेब बराच वेळ बोलला. त्यात तो शब्द दोनदा आला, तेवढं मला कळलं.

“साहेब म्हणतात, माल फेअर आहे, मालाबद्दल तक्रार नाही. त्या भावाने ते घेतील,” पंत म्हणाले. “पण नमुना एक दाखवायचा आणि माल दुसरा आणायचा, हे फेअर नाही. इथे त्याचा अर्थ, न्यायाचं नाही.”

“मले चोर म्हनून राहिला का हा?”

“तो शब्द त्यांनी वापरलेला नाही. मीही वापरलेला नाही.”

“मंग कोनता वापरला ते सांगा ना. तुमच्याजवळ त लय अर्थ हायेत.”

पंतांनी साहेबाकडे पाहिलं. गाड्यांवरची सगळी पोती सोडा, ढीग करा, पोटातून काढून पाहा, असं मी आवारभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. गाडीच्या चाकावर हात आपटला. रागावलेला माणूस खोटा असतो अशी साहेब लोकांची काही समजूत असावी, कारण माझा आवाज चढला तसा साहेबाचा चेहरा थंड होत गेला. आवाज चढवल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. खऱ्या माणसाने चोराची बोलणी हळू आवाजात ऐकून घ्यावीत, हा नियम कोणत्या मुलखातला?

खरेदीचं काम तेल्हाऱ्याकडच्या एका गोडबोल्या माणसाला मिळालं.

घरी आलो तर बहीण मोर्शीहून पुन्हा आलेली, अंगणात सूप घेऊन बसली होती. मी काही बोलायच्या आधी तिने विचारलं, “माहा सीतादहीचा कापूस पावला का रे भाऊ?”

“कोनता कापूस?”

“तुह्या गाठोड्यात वरतं ठेवला व्हता. सकायी फटफटलं तवा सोडलं गाठोडं, ठेवला, अन् जशीच्या तशी गाठ मारली. तुले कसं दिसलं नाई?”

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे वेचणी सुरू करायच्या आधी शेतकऱ्याच्या घरच्या बाया शेताच्या एका कोपऱ्यात जातात. सात खडे मांडतात, हळदीकुंकू वाहतात, दहीभात ठेवतात. याला सीतादही म्हणतात. मग शेतातली सगळ्यात चांगली फुटलेली बोंडं शोधून त्यांचा कापूस हाताने काढतात. त्या कापसाच्या देवाच्या वाती होतात. तो विकायचा नसतो. पण त्यातली एक मूठ पहिल्या गाडीवर, अगदी वर, ठेवून बाजारात पाठवतात, म्हणजे सालभर मालाला बरकत राहते. अमरावतीतल्या कोणत्याही खरेदीदाराला हे ठाऊक असे. तो आधी ती मूठ उचलायचा, कपाळाला लावायचा, गाडीवाल्याच्या हातात परत द्यायचा आणि मग खाली हात घालून माल पाहायचा. मूठ घरी परत यायची. ती परत आली म्हणजे सौदा नीट झाला. इतकी साधी गोष्ट.

बहिणीने विचार केला होता की भावाचं नशीब ज्या गाठोड्यात आहे ती यंदाची पहिली गाडीच. तिच्या शेतात एका बांधाला बनीची थोडी झाडं तिने अजून ठेवली होती, केवळ या पूजेसाठी. सगळा गाव जरीचा कापूस पेरत असताना. त्या झाडांचा कापूस होता तो.

मी तिला काय झालं ते सांगितलं. तिने सुपातले दाणे एका बाजूला केले. मग म्हणाली, “मले घेऊन चाल तिथं. कापूस माहा हाय, मीच सांगतो.”

मी नको म्हणालो. देवाची गोष्ट त्या व्हरांड्यात नेऊन ठेवायची, पंतांनी ती कोरड्या तोंडाने इंग्रजीत सांगायची आणि साहेबाने हसायचं, हे मला सहन झालं नसतं. ती म्हणाली, हसला तर हसू दे, तुला चोर तर नाही ना म्हणणार. तिच्यापुढे माझं कधी चाललेलं नाही. बाजारात चाललं, तिच्यापुढे नाही.

साहेब तिला पाहून उठून उभा राहिला, खुर्ची दिली. ती बसली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पंतांकडे न पाहता, थेट साहेबाकडे पाहून बोलली. सात खडे सांगितले, दहीभात सांगितला, मूठ सांगितली. पंत सांगत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, कुठे गाळतात का. त्या दिवशी तरी त्यांनी काही गाळलं नसावं, कारण त्यांनाही वेळ लागत होता, मध्येच थांबून ते तिला विचारत होते, मूठ कोण उचलतो, कोणाच्या हातात देतो.

“अन् तुमी घेनारे असून वापस नाई देली,” ती शेवटी म्हणाली. “ठेवून घेतली. हे कोनीच करत नाई. तुमच्या मुलखात बाया वावरात काईच ठेवत नाई का?”

साहेब हसला नाही. हे मी लिहून ठेवतो. तो टेबलावरचे कागद सरळ करत अगदी थोडं बोलला.

“साहेब म्हणतात, बाई खरं बोलत आहेत हे त्यांना दिसतं आहे,” पंत म्हणाले.

मी म्हटलं, “मंग झालं. बाजारात सांगा तसं. दुसऱ्याले काम देलं त देलं, पन यानं नमुना बदलवला नाई, एवढं तुमच्या तोंडानं सांगा.”

पंतांनी विचारलं. उत्तर आलं. नमुना मुंबईला गेला होता. तिथे साहेबाने लिहून कळवलं होतं की अमरावतीच्या एका अडत्याने फसवलं, आपण ते वेळीच ओळखलं, आणि त्याबद्दल वरून त्याची पाठ थोपटली गेली होती. आता उलटं सांगायचं तर आपण देवाची मूठ माल समजून घेतली, असं त्याला स्वतःविषयी सांगावं लागलं असतं.

“त सांगा म्हना,” बहीण म्हणाली.

“ते सांगणार नाहीत, बाई.”

“मंग माहा कापूस वापस द्या.”

तोही नव्हता. तो मुंबईत होता, कदाचित जहाजावर. साहेबाने तिला काही पैसे देऊ केले. तिने हात मागे घेतला आणि बाहेर पडली. मी तिच्या मागे गेलो. येताना रस्त्यात तिने विचारलं, बांधावरची ती झाडं यंदा उपटून टाकावीत का. मी म्हटलं, खबरदार.

माझी तक्रार कशाबद्दल आहे ती आता वाचकाला कळली असेल. साहेबाला कळलं नव्हतं, याबद्दल नाही. परक्या माणसाला आमची रीत कशी कळावी. त्याला कळलं, त्याने मानलं, आणि तरी माझं नाव तसंच मळलेलं ठेवलं. हे मी विसरलेलो नाही.

पुढे काही वर्षं माझ्या गाड्यांत लोक कोपरापर्यंत हात घालायचे. तिवसा आणि मोर्शीचे शेतकरी, ज्यांना मी वर्षानुवर्षं ओळखत होतो, तेसुद्धा हसून म्हणायचे, तुमचा नमुना खालून पाहावा लागतो बुवा. मी भांडायचो. दोनदा बाजारात हातघाईवर आलो. मोठा माल कोणी माझ्या भरवशावर सोडत नव्हतं, म्हणून थोडाच घ्यायचो आणि लगेच विकायचो. त्यातच अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, आणि ज्यांच्या वखारी भरलेल्या होत्या ते बुडाले. तेल्हाऱ्याचा गोडबोल्या त्यांत होता. मी वाचलो, कारण माझ्याजवळ काही नव्हतंच. याला नशीब म्हणणारे लोक भेटतात.

आगगाडी अकोल्याच्या पुढे गेली आणि त्या पेढीने अकोल्याचं आवार बंद केलं. साहेब आधीच निघून गेला होता. सामानाचा लिलाव होता. मी अमरावतीहून गेलो. मला काय घ्यायचं होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. पंत तिथे होते, पेढीचं शेवटचं काम उरकत. थकलेले दिसले. हवेची तबकडी एका वकिलाने घेतली. काटा अजून फेअरवरच होता, आणि बाहेर आभाळ भरून आलं होतं. साहेबाच्या बायकोची एक तसबीर निघाली, ती कोणी घेईना. पंत माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि आपणहून म्हणाले, तुम्ही त्या शब्दाचे अर्थ जमवता म्हणून सांगतो, गोऱ्या वर्णालाही फेअर म्हणतात. आणि जत्रेलाही. मी म्हटलं, जत्रा तर ही समोरच चालू आहे. ते पहिल्यांदाच हसले.

शेवटी नमुन्यांची पेटी आली. निळ्या कागदांतल्या जुन्या कापसाच्या पुड्या, वर्षावर्षांच्या, कडा पिवळ्या पडलेल्या. कोणी बोली लावेना. लिलाववाल्याने त्यात एक मोडकी खुर्ची घातली. मी खुर्ची नको म्हणून भाव आणखी खाली आणला. लोक हसत होते, आणि मी सवयीने घासाघीस करत होतो, पण पेटी सोडणार नव्हतो. पेटी ताब्यात आल्यावर पंतांना म्हटलं, वाचा. ते एक एक पुडी हातात घेऊन वाचत गेले. फेअर. फेअर. गुड फेअर. फेअर. तळाशी पोचल्यावर म्हणाले, तुमच्या बहिणीची यात नाही, मी सांगितलं होतं ना, मुंबईला गेली. मला माहीत होतं. तरी मी पेटी घेतली होती.

बहीण त्या दिवसांत माझ्याकडेच होती. मी पेटी तिच्यासमोर ठेवली. तिने पुड्या सोडल्या आणि कापूस सुपात पसरला. पांढरा, पिवळट, राखी, सगळ्या छटा.

“कोनाकोनाचा हाय हा?”

“मालूम नाई. कागदावर फेअर लिवलं हाय.”

“फेअर म्हंजे?”

मी तिला सगळे सांगितले. वाईट नाही इतपत. दुसऱ्यांदा स्वच्छ लिहिलेलं. निरभ्र आभाळ. गोरा रंग. जत्रा. आणि न्यायाचं. ती ऐकत होती आणि कापसातली कस्पटं वेचत होती.

“मंग यातला कोनता फेअर सायबानं आपल्याले देला?”

मी रिकामे निळे कागद गोळा करू लागलो.

तिने सूप जवळ ओढलं. म्हणाली, यातल्या कोणत्या ना कोणत्या गाठोड्यावर एखाद्या बाईने मूठ ठेवलीच असेल, आणि तिचीही परत गेली नसेल. कोणती ते आता ओळखू येणार नाही, म्हणून सगळाच देवाचा धरायचा. मांडीवर वळून वळून तिने त्याच्या वाती केल्या. डबा भरला, मग दुसरा भरला. संध्याकाळी त्यातली एक तिने तेलात घालून लावली.

त्या वाती माझ्या देवघरात पुढे पुष्कळ दिवस पुरल्या. काही शांत जळायच्या. काही चरचरायच्या, काजळी धरायच्या. त्या जरीच्या असाव्यात.